बाबांचं बोट

बाबांच्या लाडक्या लांबेर,

आंधळे झाल्यापासून बाबा बंदुकीच्या चापावर बोट फिरवून सांगायचे, "हिच्यावर माझ्या लांबेरची कानस फिरलीय." माझी कानस त्यांना कधीच ओळखू आली नाही. तू आपलं लिएज शहर सोडून यंत्रानं बंदुका करणाऱ्या कारखान्यात गेलास, तेव्हा मला बरंच वाटलं.

काल एक शिपाई तुमच्या कारखान्यातली बंदूक घेऊन आपल्या दुकानात आला. मोडका चाप काढून त्यानं खिशातला दुसरा स्वतःच बसवला. कानस लावावीच लागली नाही! बाबांनी बोट फिरवलं.

"कुणी केलीय रे ही?"

"यंत्रानं. कुणाचाच हात नाही हिच्यावर." असं म्हणताना मला काय गोड वाटलं म्हणून सांगू!

बाबा हसले. "तरीच. लांबेरचा हात असता तर कळलं असतं."

मेल्या, कानस टाकूनही तूच जिंकलास. हे पत्र चुलीत घालतोय. वाचायचं सुख तरी तुला कशाला?

तुझा जळकुकडा भाऊ,
रमाक्ल