कडू बाटली धाकटीला

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, निवृत्त औषध-संशोधक, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायदा गुडघ्यांबद्दल विचारत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात माणूस लागतं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही आणि पुन्हा करण्याइतका वेळ डॉक्टर मला देत नाहीत.

वकीलबाईंनी मुद्द्याला धरून लिहायला सांगितलंय. बघू कसं जमतं ते.

कलम एक. राहतं घर. तिसरा मजला, दोन खोल्या, लिफ्ट नाही. स्नायू झिजणाऱ्या मुलांसाठी औषध शोधण्यात माझा जन्म गेला, आणि घर मात्र असं घेतलं की त्यातलं एकही मूल आपल्या पायांनी वर आलं नसतं. भाचा लहान होता तोवर त्याची आई त्याला कडेवर घेऊन चढायची. पुढे तो खाली गाडीतच बसून राहायचा आणि मी खिडकीतून त्याच्याशी बोलायचे. "मावशी, तू तरी खाली ये, नाहीतर मजला तरी खाली आण," म्हणायचा. हे घर विकावं आणि आलेल्या पैशातून मुलांच्या रुग्णालयाजवळ तळमजल्यावर जागा घ्यावी. तपासणीला बाहेरगावाहून येणाऱ्या कुटुंबांनी तिथे फुकट राहावं. दाराला उंबरा ठेवू नये, चाकाची खुर्ची अडते.

कलम दोन. बँकेतली शिल्लक माझ्या शेवटच्या विद्यार्थिनीच्या कामाला द्यावी. तिच्या लगबगीमुळे सगळे तिला खारूताई म्हणतात. हातापायांचे स्नायू आणि हृदय ही सख्खी भावंडं, पण एकाच औषधाने दोघांचं भागत नाही. आमच्या औषधाने मुलांच्या हातापायांतली ताकद जास्त दिवस टिकते, हृदयाला मात्र ते पुरत नाही. ते राहिलेलं काम ती करते आहे. माझे बारीक टोकांचे चिमटेही तिलाच. स्नायूचा एकेक धागा न तुटता सोडवायला ते लागतात. आजवर मी कोणाला त्यांना हात लावू दिला नाही, त्यावरून मला खडूस म्हणायचे, आणि बरोबरच म्हणायचे. ताटलीत वाढवलेल्या हृदयाच्या पेशी आपसूक धडधडायला लागल्या की खारूताई मला हाक मारायची. यापुढे तिने दुसऱ्या कोणालातरी हाक मारावी. ते एकटीने बघण्यासारखं नाही, मी बघितलेलं आहे.

कलम तीन. आमच्या माजी विभागप्रमुखांना काहीही नाही. त्यांना जे घ्यायचं होतं ते त्यांनी माझ्या हयातीतच घेतलं. वकीलबाई म्हणाल्या, "काही द्यायचंच नाही, तर कलम कशाला?" मी म्हटलं, "द्यायचं नाही, हेच कलम."

कलम चार. भांडीकुंडी समोरच्या दारच्या, शिवणकाम करणाऱ्या बाईंना. कप चार आहेत, त्यातले तीन नव्यासारखे आहेत. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये म्हणतात, त्यामुळे या बाईंची सही चालत नाही. साक्षीदार शोधायला मला जिने उतरावे लागले.

कलम पाच. कपाटाच्या वरच्या फळीवर गोळ्यांची एक सीलबंद बाटली आहे. ती माझ्या धाकट्या बहिणीला द्यावी. ती दार लावून घेईल. तरी हे कलम वाचून दाखवल्याशिवाय वकीलबाईंनी परत फिरू नये, दाराबाहेरून वाचलं तरी चालेल.

तिच्या मुलाला आम्ही सगळे पैलवान म्हणायचो. लहानपणी त्याच्या पोटऱ्या अशा भरलेल्या की बघणाऱ्याने बघतच राहावं. तो आजार होता. आतले स्नायू मरत होते आणि आम्ही त्यांचं कौतुक करत होतो.

आमच्या औषधाची चाचणी सुरू झाली तेव्हा तोही तिच्यात होता. निम्म्या मुलांना औषध, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या रिकाम्या गोळ्या. कोणाला काय, हे ना आईबापांना ठाऊक, ना डॉक्टरांना, ना मला. तसं केल्याशिवाय औषध खरंच चालतं की आपल्याला नुसतं वाटतं, ते कळत नाही. पण तपासणीला आलेल्या आया बाकावर बसून एकमेकींच्या मुलांच्या गोळ्या जिभेला लावून पाहायच्या. शेजारणीच्या मुलाची गोळी कडूजहर निघाली, पैलवानाची जेमतेम कडवट. औषध म्हणजे कडू, हे आपल्या डोक्यात पाळण्यापासून बसलेलं. धाकटी तडक माझ्याकडे आली.

"ताई, त्याची बाटली बदलून दे."

"त्यात काय आहे ते मला माहीत नाही गं. आणि माहीत असतं तरी बदलली नसती."

"तुझं पोर असतं तर?"

"तरी नसती."

आजही मी हेच उत्तर देईन. चाचणी संपायच्या आत पैलवानाचं हृदय थांबलं. मी गेले, तर तिने मला दारातच अडवलं. "पिठाच्या गोळ्या चारल्यास माझ्या पोराला. खरं औषध मिळालं असतं तर आज असता तो." त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

धाकटे, आता तुझ्याशीच बोलते. चाचणी संपल्यावर कोणाला काय मिळालं ते उघड झालं. पैलवान खरं औषध घेत होता. रिकाम्या गोळ्या ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांत कडू घालायला आम्हीच सांगितलं होतं, आणि बनवणाऱ्यांचा हात सैल सुटून त्या खऱ्यापेक्षा कडू झाल्या. शेवटपर्यंत तो आपल्या हाताने जेवत होता, आठवतं? ते त्या औषधामुळे. हृदयाला ते पुरलं नाही.

हे सांगायला मी निघाले होते. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी येऊन उभी राहिले. मग वाटलं, खरं औषध मिळूनही तो गेला हे कळलं, तर ही रागवेल कोणावर? माझ्यावर दात खात का होईना, तू रोज उठत होतीस, कामाला जात होतीस. तेवढा आधार काढून घ्यायचा धीर मला झाला नाही. मी परत फिरले.

आता मीच नसेन. मेलेल्या माणसावर किती दिवस रागवशील? म्हणून सांगते. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, कधी गेली नाहीस. त्याची उरलेली बाटली तू परत केली नव्हतीस, ती तुझ्याकडे आहे. मी पाठवते आहे ती रिकाम्या गोळ्यांची. दोन्हींतली एकेक जिभेच्या टोकाला लाव आणि थुंकून टाक. जुन्या आहेत, गिळू नकोस. तुझ्या पोराला मिळायला हवं होतं ते मिळालं होतं. तू कुठेही कमी पडली नाहीस.

हे कळल्यावर तुझा राग जाईल, याचं मला थोडं वाईटही वाटतं. इतकी वर्षं रोज न चुकता माझी आठवण काढणारं जगात एकच माणूस होतं, मग ते शिव्या देत का असेना.

वरचा सगळा मजकूर माझ्या हातचा आहे. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: एकवीस नोव्हेंबर
सही: धाकटीची ताई

आमच्यासमोर सही झाली:
साक्षीदार पहिले: खालच्या औषधांच्या दुकानाचे मालक. सही.
साक्षीदार दुसऱ्या: कोपऱ्यावरच्या वाचनालयातल्या बाई. सही.
मृत्युपत्र अमलात आणणार: वकीलबाई. सही.

दुरुस्ती, सर्वांच्या सहीनिशी: कलम चारमधले तीन कप आता नव्यासारखे राहिलेले नाहीत. सह्या झाल्यावर सगळे चहाला थांबले.