बाबांचा फोटो आणि मिररलेसचा प्रश्न

४ जानेवारी
यंदा फोटोग्राफी सीरियसली करायची. ठरलं म्हणजे ठरलं. कपाटातून डीएसएलआर काढला. बायकोने विचारलं, बॅटरी तरी आहे का त्यात. होती. चार्ज नव्हती, तो वेगळा विषय.
बाबा बघत होते. म्हणाले, "माझा एक नीट फोटो काढून ठेव. भिंतीवर लावायला. तुझ्या आईसारखं नको व्हायला."
हॉलमधला आईचा फोटो तिच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला आहे. गालावर अर्धा शिक्का आलाय. घरात फोटोग्राफर असून.
बाबांना म्हटलं, असले विषय काढायचे नाहीत. पण फोटो येत्या रविवारी नक्की.

११ जानेवारी, रविवार
बाबा सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा निळा शर्ट घालून खुर्चीत हजर. मीही तयार होतो. पण काल एक व्हिडिओ पाहिला. डीएसएलआरमध्ये म्हणे आरसा असतो, तो दर फोटोला खट्‌कन वर उडतो आणि त्या धक्क्याने फोटो किंचित हलतो. मिररलेसमध्ये आरशाची भानगडच नाही.
वडिलांचा फोटो, आणि तो हललेला? मनाला पटेना. पुढे ढकलला. बाबांनी शर्ट काढून हँगरला लावला.

२ फेब्रुवारी
डीएसएलआर विरुद्ध मिररलेस, तुलनात्मक शीट केलं. ऑफिसात मी परचेसला आहे. तीन कोटेशनं आल्याशिवाय स्टेपलरसुद्धा घेत नाही. डीएसएलआरची बॅटरी जास्त टिकते. मिररलेस माणसाचा डोळा आपणहून शोधतो. दोघांना सारखे मार्क पडले, म्हणून रकाने वाढवले.
अकाउंट्सच्या बाईंनी विचारलं, गेल्या वर्षात फोटो किती काढले? अकाउंट्सवाल्यांना कलेतलं काय कळणार. घरी येऊन पाहिलं. चार. त्यातला एक गॅसच्या मीटरचा. पण शार्प आलाय.

१५ फेब्रुवारी, सकाळ
निर्णय झाला. जुनं ते सोनं. मिररलेस घ्यायचा नाही. आता मागे फिरणे नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळ
दुकानात सहज हातात धरून पाहिला. हलका. मनगटाला वाटलं, आपण उगाच इतकी वर्षं वजन उचललं. निर्णय बदलला. लवचीकता हाही गुणच.

८ मार्च
कोपऱ्यावरच्या पासपोर्ट फोटोवाल्याला डीएसएलआर विकला. एकदा हातातून पडल्याने कोपऱ्यावर पोचा होता, तरी घेतला. का विकता म्हणाला. आरशाचं सगळं समजावून सांगितलं. तोवर त्याने दोन गिऱ्हाइकांची लॅमिनेशनं उरकली.
घरी बाबांनी विचारलं, मग माझा फोटो? म्हटलं, जरा धीर धरा.
"धीर भरपूर आहे रे," म्हणाले, "बाकीचं सांगता येत नाही."

२० मार्च
पैसे हातात होते, पण घेतला नाही. जूनमध्ये नवं मॉडेल येतंय. आत्ता घेणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. सध्या घरात एकही कॅमेरा नाही, पण मनाने मी मिररलेसवर गेलोय.

१९ एप्रिल
बाबांना चक्कर आली. दोन रात्री दवाखान्यात. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जपा. सलाईन चालू असताना बाबांनी मला विचारलं, जून कधी लागतो. भीती वाटली, खरी भीती.
बाहेर पॅसेजमध्ये बायको म्हणाली, अहो, फोनवर काढून टाका ना एक. फोनवर! माझ्या वडिलांचा!

१० मे
बाहेरून आलो तर हॉलमध्ये आईच्या शेजारी बाबांचा फोटो लावलेला. चपला न काढताच बाबांना हाक मारली. मग स्वयंपाकघरातून बाबांचा खोकला ऐकू आला आणि जीव भांड्यात पडला.
सकाळी निळा शर्ट घालून स्वतःच कोपऱ्यावर जाऊन काढून आले म्हणे. फोटो अप्रतिम. बाबा गालातल्या गालात हसताहेत. आमच्या घरात असे कुणाकडे बघून हसत नाहीत. जाणकार नजरेने तपासला. मिररलेसच. डीएसएलआरच्या बापाला हे जमणार नाही. बायकोला म्हटलं, बघ, मी थांबलो ते उगाच नाही.

११ मे
मॉडेल विचारायला फोटोवाल्याकडे गेलो. त्याने काउंटरखालून कॅमेरा काढून पुढे ठेवला. कोपऱ्यावर पोचा.
म्हणाला, "बाबांनी बसल्या बसल्या ओळखला की. म्हणाले, अरे, हा तर आमच्या मुलाचा. आणि हसले. तेवढ्यात दाबलं बटण."
पोच्यावरून अंगठा फिरवला. मग विचारलं, परत विकतोस का.
"चांगला चाललाय," म्हणाला, "कशाला विकू?"

२८ जून
मिररलेस आला. बाबांना म्हटलं, घाला शर्ट. ते म्हणाले, झाला माझा फोटो, आता पुन्हा तो खटाटोप नको.
बॅटरी फुल्ल चार्ज. पहिला फोटो कशाचा काढावा, बराच विचार केला. शेवटी भिंतीवरच्या बाबांच्या फोटोचाच घ्यायचं ठरवलं. कॅमेऱ्याने क्षणात बरोबर डोळे शोधले. मानलं पाहिजे.
फक्त खाली खुर्चीत बाबा पेपर वाचत बसले होते, त्यांचं डोकं मध्ये येत होतं. बाबा, जरा सरका म्हटलं. ते सरकले.
फोटो शार्प आलाय.