ज्याचं गाणं त्याचं नाव मागे

थंडर बे,
शनिवार दुपार

प्रिय ओरिसिया,

गुरुवारी रेडिओवरच्या त्या दाढीवाल्याने आपलं ‘बशीएवढा रस्ता’ वाजवून संपवलं, माइक तुझ्याकडे सरकवला आणि विचारलं, “हे कुणासाठी लिहिलंस?” तू हसून म्हणालीस, “डेलसाठी.” माझं सगळं बदललं ते तिथे, त्या एका शब्दावर. मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. हातातली कॉफी ढवळत राहिलो. तिच्यात साखर घातलेलीच नव्हती.

तू म्हणशील, एरो, झालं तुझं परत सुरू. हो, झालं. तोंडाने सांगायला गेलो की माझा आवाज चढतो, तू कपाळाला हात लावतेस, आणि डेल ड्रमच्या मागून म्हणतो, “चला, इंजिनियरसाहेब तापले.” कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला इंजिनियर म्हणण्यात त्याला काय गंमत वाटते कोण जाणे. म्हणून लिहितोय. सरावाच्या खोलीतच बसलोय, बर्फावर दगड सरकवत खेळणाऱ्यांच्या त्या कर्लिंग क्लबच्या तळघरात. दारात नेहमीचा फुटका कर्लिंगचा दगड लावलाय. तो नसला की हे दार आपोआप लागतं आणि किल्ली आत खिळ्याला राहते, हे मी तरी विसरणार नाही. गेल्या जानेवारीत आपण दोघं मोज्यांवर बाहेर अडकलो होतो. तू शिव्या युक्रेनियनमध्ये दिल्यास, मी फिनिशमध्ये. भाषा वेगळ्या होत्या, पण दोघांचाही रोख माझ्यावरच होता.

नियम तुला पाठ आहे. तरी लिहितो, कारण आग तिथूनच लागली. पहिलं गाणं झालं तेव्हा इर्यामावशीच्या हॉटेलात पॅनकेक खाताना आपण तासभर भांडलो. तू म्हणालीस, नावं अक्षरांच्या क्रमाने, म्हणजे कोवालचुक आधी आणि लाहती नंतर. मी म्हणालो, वा, सोयीचा बरा क्रम आहे, आपण नाणं उडवू. मावशी ताटल्या उचलता उचलता वैतागली. “माझ्या घरी बोलावणारा शेवटी जेवतो. दोघांचीही नावं घाला. ज्याने गाणं आणलं त्याचं मागे, आणि कुणी आणलं ते बाहेर बोलायचं नाही. आता उठा, गिऱ्हाइकं उभी आहेत.”

उठलो, आणि तेच धरून बसलो. एकतीस गाणी झाली. कागदावर ‘कोवालचुक–लाहती’ दिसलं की जगाला वाटायचं गाणं तुझं, आणि ते माझं आहे हे आपल्या दोघांनाच माहीत. काय मजा यायची. त्या पेपरवाल्याने माझ्या भिकार यमकांसाठी तुला झोडपलं आणि तुझ्या चालीसाठी माझी पाठ थोपटली, तेव्हा व्हॅनमध्ये आपण पोट दुखेपर्यंत हसलो. डेलने विचारलं, काय झालं, तर आपण त्याला सांगितलं नाही. जगात फक्त आपल्या दोघांचं असं काहीतरी आहे, याचं मला किती अप्रूप होतं, ते तुला कळलं नाही. कळेल असं मी वागलोही नाही म्हणा.

आता बघ काय झालंय ते. ‘बशीएवढा रस्ता’ अख्खं माझं. शब्द माझे, चाल माझी, मधली ती तीन सुरांची अडखळही माझीच. नियमाने तुझं नाव पुढे आलं, म्हणून दाढीवाल्याने तुला विचारलं. नियमानेच तुला माझं नाव घेता येईना. इथपर्यंत मला पटतं. व्हॅनमध्ये मी विचारलं तर तू म्हणालीस, “अरे, काहीतरी सांगायलाच हवं होतं ना. आणि नियम तुझ्याच मावशीचा आहे.” तेवढ्यात मागून डेल म्हणाला, “काय कुजबुज चाललीय माझ्या गाण्याबद्दल?”

त्याच्या गाण्याबद्दल. दोन दिवस तो ते शिट्टीवर वाजवतोय. आईला फोन करून ऐकवलंन. तो वाईट नाही गं, हेच तर डोकं फिरवतं. चांगला मुलगा आहे, ठेका सोडत नाही, ऑक्टोबरपासून तू त्याच्याबरोबर आहेस आणि त्याने तुला एकदाही रडवलेलं नाही. पण त्याच्या गाडीची काच बटण दाबलं की गरम होते. बर्फ कसा खरवडतात हे त्याला काय ठाऊक?

हीटर बंद पडलेली निळी गाडी तुझी होती. काचेला आतूनही बर्फ धरायचा. तू कॅसेटच्या डबीने खरवडून बशीएवढं भोक पाडायचीस आणि त्यातून बघत अख्खं गाव ओलांडायचीस. शेजारी दोन हिवाळे मी बसलो होतो. श्वास रोखून बसायचो, कारण माझ्या वाफेने तुझी बशी पुन्हा गोठायची. एकदा तू म्हणालीस, “मेलास की काय? बोल काहीतरी.” गाण्यातला तो श्वास धरून बसलेला माणूस कोण, हे तुला खरंच कधी सुचलं नाही?

माझंही चुकलं. पहिल्यांदा ऐकवलं तेव्हा तू विचारलंस, “कोण रे ही?” मी म्हणालो, “आहे एक.” गाढव. आणि कॉलेजचंही खोटंच. परीक्षेत आपटलो म्हणून सोडलं, असं सगळ्यांना सांगितलं. आपटलो नव्हतो. प्रयोगशाळा मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी असायची, आणि तुला बेकरीतून सुट्टी त्याच दोन संध्याकाळी. बाबा चार महिने माझ्याशी बोलले नाहीत. तू सोड म्हणाली नव्हतीस, मला माहीत आहे. हिशेब मागत नाहीये. फक्त खरं काय ते आज एकदाच लिहून टाकतोय.

आता कागदाचं. टेबलावर रेकॉर्ड कंपनीचा कागद आहे, बारा गाणी आणि प्रत्येकापुढे नावं. सोमवारी टोरांटोला जायचा आहे. तिथे जसा पोचेल तसं छापलं जाईल आणि मग ते कायमचं. सातव्या ओळीत मी तुझं नाव खोडलंय. फक्त लाहती ठेवलंय. पैशांतला तुझा अर्धा वाटा तसाच आहे, त्यासाठी हे नाही. खाडाखोडीपुढे दोघांची सही लागते. माझी आहे. तुझी जागा मोकळी आहे.

तू म्हणशील, नावासाठी एवढा तमाशा? तीस गाण्यांवर कुणाचं नाव कुठे आहे, याची मला फिकीर नाही. हवं तर ती सगळी तुझी म्हणून लाव. पण तुझ्याबद्दलच्या गाण्यावर तुझंच नाव पहिलं असलं, तर ते तुला कुणी म्हटलं? कुणीच नाही. दोन नावांनी ते म्हणताच येत नाही, ओरी. म्हणून हे पत्र. यावर एकच नाव आहे, आणि ते मागेही नाही, पुढेही नाही. गाणं तुझ्यासाठी आहे. पहिल्या ओळीपासून.

आज नेहमीसारखी डेलच्या आधी सरावाला येशील, तेव्हा हे वाच. सही केलीस तर कागद घेऊन मावशीकडे ये. सहापर्यंत बसतो. नाही केलीस तर त्याखाली दुसरा कागद आहे, सातव्या ओळीत ‘कोवालचुक–लाहती’, अगदी नियमाप्रमाणे. त्यावरही मी सही केलीय. तो पाठव. मी एका शब्दाने विचारणार नाही, डेललाही काही कळणार नाही. फक्त मग वाजवायला दुसरा कुणी बघ.

वरच्या ऑफिसातली दुसरी किल्ली मला देत नाहीत, त्या रखवालदाराशी भांडल्यापासून. फक्त तुला देतात. म्हणजे दार लागलं की हे पत्र परत घ्यायला मला आत येता येणार नाही. माझा स्वभाव मला माहीत आहे, अर्ध्या जिन्यावरून नक्की परत फिरेन. म्हणून आता नाव लिहितो, दगड पायाने बाजूला सारतो आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतो.

तुझाच,
एरो लाहती