नितानं लाटेला कूस बदलायला लावली

पंचफुले, राम राम. आधी कोण आलं सांगू का? पावने न्हाई, वांदर आलं! (तुझा गुडघा कसा हाय, मालकांचा खोकला बसला का, ते कळव. माझं बराबर चालू हाय. खाते आन बोलते, दोन्ही जास्तच.) नातीला, आपल्या निताला, पाहायला पुसेगावाकडचे पावने येणार म्हणून मी गच्चीवर पापड वाळत घातले. ते खायला वांदर आलं आन जाताना टीव्हीच्या छत्रीला लोंबकळलं. छत्रीपुढचं, चित्र धरणारं डबडं असं पिरगाळलं की हातानं वळेना. टीव्ही निळाशार.

तेवढ्यात पावने हजर. पोरगं रविंद्र, शाळेत मास्तर हाय, आन त्याची माय मंजुळाबाई. बाईनं चहाच्या आधीच दोन गोष्टी सांगून टाकल्या. एक, लग्न ठरलं तर पोरीनं नांदेडचं शिक्षण सोडावं. दुसरी, तिच्या मालिकेची वेळ झाली. दुसरीचं जाऊ दे, पण पहिली कशी चालायची? निताचं मोठं शिक्षण संपत आलंय, आन पोरगं तर तिला आवडलेलं. (कसं कळलं इचारू नको, मी काय आंधळी हाय?)

निता उठली आन नांदेडला अभ्यासात तिनं बनवलेला पत्रा घेऊन आली. चौकोनी, ताटाएवढा, वर तांब्याचे बारके बारके तुकडे रांगेनं, सगळे एका मापाचे. ती म्हणती, वरून टीव्हीची लाट येते ती उभी नायतर आडवी. (दारातून बाज नेताना आपण ती कशी कलती करतो? तसंच. डबड्याचं दार झालं आडवं, लाट आपली उभीच, आत जाईल कशी?) हा पत्रा लाटेला कूस बदलायला लावतो. वीज नको, बटन नको, नुसती ती तांब्याची नक्षी.

पण वर गच्चीवर, डबड्याच्या तोंडापुढं तो धरणार कोण? निता तर साडी नेसून खुर्चीत बसायची. मग रविंद्रच चढला! आता बघ, पाहायला आलेलं पोरगं गच्चीवर, आन पाहायची पोरगी खाली बसून हुकूम सोडून राहिली.

"समोरून सरका, तुमीच आडवे येऊन राहिलात!"

"सरकलो!"

"पत्रा सरळ काहून धरला? तिरपा करा!"

"किती तिरपा?"

"शंकरपाळ्यावानी!"

आन टीव्ही लागला गं बाई! मंजुळाबाईला पटेना. म्हणली, काढ रे पत्रा. काढला, चित्र गेलं. लाव म्हणली. लावला, आलं. मग वरून आवाज, "आई, उतरू का?" "मालिका संपू दे!" चहा वर पाठवला, एका हातानं पिला बिचारा.

मालिका संपली तशी बाई म्हणती कशी, "पोरीचं शिक्षण पुरं होऊ द्या, मगच तारीख धरू. आमची बी छत्री कवाची बंद हाय." अन् खाली उतरलेल्या रविंद्राला निता म्हणली, "हात दुखले का?" तर तो, "न्हाई. पण सरळ धरल्यावर काहून येत नव्हतं, ते सांगा." पंचफुले, ऐकतं आन वरून इचारतं, असं पोरगं दिवा घेऊन हुडकलं तरी मिळल का?

तुझी अक्का रुख्मिणी

ता. क. सांजेला शेजारचा मोहनसिंग पाना घेऊन आला आन एका झटक्यात डबडं सरळ केलं. हे मंजुळाबाईच्या कानावर घालू नको.

ता. क. दुसरं. खरं काम आता. बाईचा शब्द पडला मालिकेच्या खुशीतला. तो चार माणसांपुढं पक्का व्हावा. तुझे मालक तांड्याचे नायक, त्यांना मधी बसायला घेऊन ये. 'पोरी शिकून काय दिवे लावणार' म्हणायचे ना ते? त्यांनीच 'शिकू द्या' म्हणलं तर मोडायची कुणाची छाती व्हणार न्हाई. पावने श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी, औंढ्याला नागनाथाचं दर्शन करून येतो म्हणालेत.