मस्ट म्हणजे मी

१० जानेवारी १९५७, गुरुवार. बाजार.
वांगी दुपारच्या आत संपली. येताना पिंपळीच्या वाटेवर लस टोचणारी बाई भेटली. तिच्याकडून कळलं ते असं. पुण्याच्या दवाखान्यातली मोठी मडम ६ फेब्रु. ला इंदापूरला कालव्याच्या बंगल्यावर येणार. नर्स शिकायला बाया निवडणार. विधवा चालेल, मूल असलं तरी चालेल. सातवी पास पाहिजे. राहणं-खाणं तिकडंच. पण मडम इंग्रजी बोलते, ते कळलं पाहिजे आणि चार वाक्यं उलट बोलता आली पाहिजेत.
सून इंदी सातवी पास आहे. बारा वर्षं ती सातवी चुलीत घातली. माझा लेक जाऊन चार वर्षं झाली. रान पुतण्याच्या नावावर. माझे डोळे मिटले की तो इंदीला आणि तिच्या लेकीला, बेबीला, तेराव्याचं जेवूसुद्धा देणार नाही. बाईच्या हाताला काहीतरी लागायला पाहिजे.
घरी येऊन सांगितलं, इंदे, तू नर्स व्हायचं.
ती भाकरी उलटत होती. "बरं," म्हणाली. मी विहिरीत उडी टाक म्हटलं असतं तरी बरंच म्हणाली असती.

१२ जाने.
इंदीचं इंग्रजी ऐकलं. सिंहाचा धडा घडाघडा म्हणाली. राजा, अरण्य, प्रामाणिकपणा, सगळं येतं. म्हटलं, आता मला पाणी पाहिजे का ते विचार. जमेना. उठून बसा म्हण. पुन्हा सिंहच. वॉर्डात सिंह येणार आहे का औषध घ्यायला?

१३ जाने., रविवार
इंदीला घेऊन बारामतीला तात्याकडं गेले. तात्या म्हणजे गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावरचा जुना खानसामा. साहेब विलायतेला गेला, तात्या स्टेशनमागं राहिला. लिहिण्या-वाचण्यात शून्य. पण बोलतो असा की मास्तर तोंडात बोट घालील.
"आक्का, सायब माज्याशी तीस वर्सं बारक्या शब्दांत बोलला. इन, औट, अप, डाऊन, ऑन, ऑफ. मोठं शब्द त्यो कागदावर लिवायचा. जेवताना कोण बोलतंय तसलं?"
मग एकच 'गेट' घेतला. गेट अप म्हणजे ऊठ. गेट डाऊन, उतर. गेट इन, आत ये. गेट औट, चालता हो. शेवटाला बारका शब्द बदलला की माणूस दुसरीकडंच जातो. मला गंमतच वाटली. रात्री ध्यानात आलं, आपण तरी काय करतो? विकून टाक, देऊन टाक, ठेवून दे, जाऊ दे, येऊन जा, रडत बस. टाक आणि दे आणि बस यांच्यावर माझा अख्खा संसार झाला, आणि मला आज कळतंय!

१५ जाने.
तिळगूळ द्यायला गोदी आली. शेजारीण. "रांडमुंड सून शेरात धाडतीस? परत न्हाय यायची ती." म्हटलं, गोदे, गेट औट. तिला वाटलं मी लाडू घे म्हणाले. घेतला आणखी एक.

२० जाने., रविवार
आज तात्यानं यू शिकवलं. साहेब कुत्र्याला यू म्हणायचा आणि कलेक्टरलाही यू. अरे नाही, अहो नाही, अगं नाही. मी तात्याला तीनदा विचारलं, सासूला काय म्हणतात? "यू." आणि सुनेला? "यूच की."
इं. खाली मान घालून हसत होती. मला दिसलं.
मग हुकुमाचे शब्द. हे फार झकास आहेत. प्रत्येकाचं वजन वेगळं. मस्ट म्हटलं की करायलाच पाहिजे. शुड म्हणजे करावं बाई, बरं दिसतं. मे म्हणजे करू का. कुड यू म्हणजे जमेल का तुम्हाला. मी लगेच ओळखले. मस्ट म्हणजे मी. शुड म्हणजे गोदी. मे म्हणजे इंदी, जन्मभर करू का, करू का. कुड यू म्हणणारं आमच्या घरात कुणी नाही.
तात्या म्हणाला, "मडमंला कुड यू लागतंय, आक्का. पेशंट म्हंजे म्हस न्हवं."

२४ जाने.
रोज संध्याकाळी मी बाजेवर आजारी पडते. इं. नर्स. बेबी हाताची घडी घालून मडम होते. सिट अप. लाय डाऊन. टर्न ओव्हर. टेक इट ऑफ. पुट इट ऑन. इट म्हणजे काहीही, गोधडी असो की पट्टी, कसली झंझटच नाही.
बारा वर्षांत पहिल्यांदा सून मला ऊठ म्हणाली आणि मी उठले. बेबी खिदळली. इं.चे कान लाल. आवाज मात्र मुंगीचा. म्हटलं, बंगला मोठा आहे, मोठ्यानं बोल.
मी म्हशीलाही मूव्ह ओव्हर म्हणते, सरकते. चापट मारावी लागते, पण सरकते.

२९ जाने.
इं.ला कुड यू सरळ येत नाही. घशात अडकतं. मी ओरडले की विसरते. म्हणाली, "आत्याबाई, तुमी समोर असला की मला निस्तं बरं येवढंच सुचतंय."
हे ऐकून राग आला. मग राग कुणावर काढायचा ते सुचेना. मेथी खुरपली.

४ फेब्रु.
तात्या भरीत खायला आला. जाताना म्हणाला, इंदूला येतंय, पण भ्यालीय. सायबाची मेमसुद्धा पयल्या दिवशी माझ्यासमोर भ्याली होती. कुणाला भिते ते मी विचारलं नाही.

६ फेब्रु., बुधवार. इंदापूर.
पहाटेच्या यष्टीनं. बेबी गोदीकडं. (गोदी आपणहून म्हणाली.)
बंगल्यावर नऊ बाया. मडम उंच, लाल, मराठी मोडकं. खोलीत लोखंडी खाट. एकेकीला आत घेते, सोबतच्या बाईला खाटेवर निजवते, म्हणते ही आजारी, आता तू बघ. हे आधी कळलं असतं तर मी घरी अंघोळ नीट केली असती.
आमची पाळी. मी निजले. मडम काहीतरी म्हणाली. इं. नुसती उभी. एक, दोन, तीन... भिंतीवरचं घड्याळ मला ऐकू यायला लागलं. मला सगळं येत होतं. सिट अप ओठावर आलं होतं. बोलले असते तर मडमेनं मला निवडलं असतं.
इं.नं माझ्याकडं बघितलं. बरं म्हणतानाचे तेच डोळे.
मग काय झालं मला, मी खाटेवरून पाय खाली टाकले. चांगल्या मोठ्यानं म्हटलं, "मी न्हाय निजत जा! कंटाळा आला. भाकरी आणा मला!" आणि चपला शोधायला लागले.
मडम चपापली. इं. नाही. असली म्हातारी तिच्या रोजच्या ओळखीची आहे. पुढं आली, खांदा धरला, आणि एका दमात:
"नो. यू मस्ट लाय डाऊन. आय विल सिट विथ यू. कुड यू गिव्ह मी युवर हँड, प्लीज?"
मस्ट. मला!
मी निजले. हात दिला. तिचा हात ओला होता पण घट्ट होता. मडम हसली आणि वहीत काहीतरी लिहिलं. इं.ला विचारलं, ही कोण? इं. म्हणाली, माय मदर.
इन लॉ नाही म्हणाली. तो तात्यानं शिकवला होता. विसरली असेल.
यष्टीत दोघींनी भजी खाल्ली.

२१ फेब्रु., गुरुवार
कार्ड आलं! इंदूला घेतलं! सहा महिने बघणार, पसंत पडली तर पुढं शिकवणार. बाजारात भेटेल त्याला सांगितलं, वांगी विकायची राहिली. तात्यानं उभ्यानं सलाम केला. गोदी रडली, तिचं काय जातं कोण जाणे.
संध्याकाळी इं. म्हणाली, "जाऊ का मी, आत्याबाई?" म्हटलं, मे नको. आय विल म्हण.
म्हणाली.
नंतर पीठ चाळताना गोदीचं बोलणं आठवलं. परत न्हाय यायची ती. इतके दिवस जायचंच धरून बसले होते. यायचं कुणी शिकवलंच नाही.

३ मार्च, रविवार
बारामती स्टेशन. दौंडची छोटी गाडी. इं. खिडकीत. बेबी माझं बोट धरून. आई चालली तरी हसत होती, पुण्याहून बाहुली येणार म्हणून.
मला विचारायचं होतं. मराठीत तोंड उघडेना. मराठीत मला फक्त 'ये' म्हणता येतं. तो हुकूम झाला. मस्ट झाला. हिला आता मस्ट चालणार नाही, मीच शिकवलंय.
गार्डनं शिट्टी दिली तेव्हा इंग्रजीत विचारलं. विल यू कम बॅक?
शेजारच्या डब्यातले लोक बघायला लागले. इं.नं बाहेर वाकून माझ्याकडं नीट बघितलं. म्हणाली, "आत्याबाई, प्लीज ऱ्हायलं."
"प्लीज गेलं खड्ड्यात, उत्तर दे!"
गाडी हलली. हसत होती कारटी. उत्तर दिलं नाही.
घरी येऊन म्हशीला म्हटलं, मूव्ह ओव्हर, प्लीज. सरकली नाही.
उद्या टपालाचं कार्ड आणायचं. एकच ओळ लिहायची आहे, तात्याला विचारून. तोच प्रश्न, ह्या खेपेला पूर्ण.