बाळ वर आहे

४ फेब्रुवारी

नापास! बाहुला ओढायच्या चाचणीत पुन्हा नापास. बाहुला कसला, वाळू भरलेला आडदांड बाप्या आहे तो. दारापर्यंत आणला आणि हात सुटले. साहेब म्हणाले, "पुढच्या वेळीही असंच झालं तर बंबाची गाडी बंद. केंद्रात फोनवर बसायचं."

सासूबाई म्हणतात, "सरावाला मला ओढ." हसले.

७ फेब्रुवारी

सराव करून खांदे बोलतायत. लिहिण्याचं त्राण नाही.

९ फेब्रुवारी

काल दुपारी एक दुमजली घर पेटलं. खाली स्वयंपाकघर जळत होतं, जिन्यात धूरच धूर. दारात एक आजी जीव तोडून ओरडत होत्या — "बाळ वर आहे गं, बाळ!"

जोडीदार जिन्यात पाइप धरून उभा, मी वर. बाळ कुठे शोधायचं? पलंगाखाली पाहिलं, पडद्यामागे चाचपलं. कपाट उघडलं — कोटांमागे पाच-सहा वर्षांची पोर, खोकून खोकून बेजार. एवढी घोडी झाली तरी बाळच, लाडाची असेल! उचलली, खाली आणून आजींपुढे ठेवली.

आजी बघतच राहिल्या. "ही शेजारची. बाळ कुठाय?"

"बाळ म्हणजे?"

"माझा धाकटा भाऊ!"

पुन्हा वर. बाळ न्हाणीघरात पडलेले — टक्कल, पोट, बेशुद्ध. काखेत हात घातले आणि ओढत सुटले. जिन्यावर वाटलं, आता हात सुटणार. नाही सुटले!

बाहेर हवा लागल्यावर बाळनी डोळे उघडले. "ताई, गॅस बंद केलास ना?"

"मेल्या, घर जळलं," आजी म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

१० फेब्रुवारी

इस्पितळातून कळलं, बाळ बाहुल्यापेक्षा जड! साहेबांनी बाहुला माळ्यावर टाकायला सांगितला. मी गाडीवरच!! सासूबाईंनी माझी दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवलीय.

केंद्रावर मात्र सगळे पिदवतायत — "एवढं धूड कपाटात शोधत होतीस?" साहेबही म्हणाले, "आधी नीट विचारावं. तेवढा वेळ फुकट गेला." खरंय. मान खाली घालून ऐकलं.

१२ फेब्रुवारी

त्या पोरीची आई आली होती. लपाछपी चालली होती म्हणे. जिच्यावर राज्य होतं ती मैत्रीण आग बघून घरी पळाली, भीतीने कुणाला बोललीच नाही. पोर आत आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आजी "भाऊ" म्हणाल्या असत्या, तर मी कपाट उघडलंच नसतं.