हेर डीट्स यांची मक्याची बिअर

४ फेब्रुवारी २००६, एर्लांगेन

खोटं बोललो. तेही तोंडावर.

खालच्या मजल्यावरचे हेर डीट्स जन्मभर ब्रुअरीत होते. घशाला रेडिएशन झाल्यापासून त्यांना चव कळत नाही. म्हणून तळघरात केलेली बिअर चाखायला मला बोलावलं. दारूबंदीच्या आधी अमेरिकेत तिकडे गेलेले जर्मन करायचे, तशी — बार्लीबरोबर मका घालून. मका घातला म्हणून इथले लोक तिला बिअर म्हणणारच नाहीत. पण मका पलीकडच्या गावचा, बिअरला कडवटपणा देणारे हॉप्स जवळच्या श्पाल्टचे.

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. ग्लासातून कणसं उकडलेल्या पाण्याचा वास! म्हणालो, "छान आहे."

"नक्की?"

"हो, नक्की."

केवढे खूश झाले.

५ फेब्रुवारी

शनिवारी त्यांनी ब्रुअरीतले जुने सोबती बोलावलेत. सुरेखा म्हणाली, "अहो, ती माणसं काय तुमच्यासारखी भिडेखातर गप्प बसणार आहेत?"

जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी

त्या वासाचं खरं सांगितलं. जिन्यातच. ते म्हणाले, "हरीश, मला तुझी जीभ हवी होती. दया नको होती." आणि दार लावून घेतलं.

११ फेब्रुवारी

कोणी आलं नाही. सगळ्यांना नको म्हणून कळवलं असणार. सकाळी अंगणातल्या गटारापाशी फेस दिसला — सगळी ओतून दिली.

१९ फेब्रुवारी

आठवडाभर जिन्यात डीट्सचं नुसतं "मोर्गन", म्हणजे शुभ सकाळ, बस्स. ऑफिसात ड्रॉइंग समोर उघडं, लक्ष भलतीकडे. सायकल काढून नदीपर्यंत गेलो, तसाच परत आलो. सुरेखा म्हणते, जाऊन बोला. काय बोलू?

२५ फेब्रुवारी

दार वाजलं. डीट्स! आत आले नाहीत. "झाकण उघडं ठेवून जास्त वेळ उकळायला हवं होतं, म्हणजे तो कणसांचा वास उडून गेला असता. आज पुन्हा घालतोय. पोतं उचलवत नाही."

दिवसभर पातेलं ढवळलं. खांदे भरून आलेत. बोलणं फारसं नाही झालं, पण मी निघताना म्हणाले, "या वेळी खरं सांगायचं."

८ एप्रिल

नवी बिअर तयार झाली. दोन ग्लास भरले — चव कळत नसली तरी त्यांचा आपला सवयीचा. मी घोट घेतला. बरी होती, खरंच बरी. नीट सांगावं म्हणून शब्द जुळवत होतो. तेवढ्यात डीट्सनी ग्लास खाली ठेवला. पुन्हा उचलला, पुन्हा प्यायले.

"थांब," म्हणाले, "काही सांगू नकोस. कडू लागतेय."